पावाची शिडी

कोचाबांबात बसस्टँडच्या मागे माझ्या भाड्याच्या खोल्या आहेत. पाठीवर बोचकं टाकून देश पालथे घालणारी गोरी पोरं माझ्याकडेच उतरतात. त्यांना भाषाही येत नाही आणि लाजही. काहीही विचारा, हसून 'हो, हो'. चादर तूच फाडलीस ना? हो, हो. तुझा बाप गाढव का रे? हो, हो. आम्ही बायका पोट धरून हसायचो, शेजारची सेवेरिना सगळ्यांत जास्त.

यंदा ती हसत नव्हती. मार्चात तिचा मुलगा रेम्बेर्तो गेला. घाटात दरडी कोसळताहेत, उद्या जातो, म्हणत होता. हिने टोमणा मारला, खायला पुढे अन् कामाला मागे. पोरगा मुकाट उठून गाडीत बसला, आणि गाडी दरीत गेली.

मृतांच्या सणाला तिने त्याचं पान मांडलं. शेंगदाण्याचं सूप, चिचा म्हणजे मक्याची दारू आणि मधोमध पावाची शिडी. पहिल्या दिवशी भर दुपारी बाराला आत्मा खाली येतो, दुसऱ्या दिवशी बाराला शिडी चढून परत जातो. तिला त्याला एकच गोष्ट विचारायची होती. बाराला जो पहिला उंबरा ओलांडेल त्याच्या तोंडून आत्मा बोलतो, असं तिची आई सांगायची. सेवेरिना दाराकडे डोळे लावून बसली होती.

आणि आला कोण, तर माझा भाडेकरू योरिस. मेला वासावर आला. तिने त्याला पानावर बसवलं, पोटभर वाढलं आणि मग विचारलं, "बाळा, रागावलायस का रे माझ्यावर?"

"हो, हो," तो सूप ओरपत म्हणाला.

तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, अगं, त्याला एक अक्षर कळत नाही, तो सगळ्यालाच हो म्हणतो, तूच नाही का हसायचीस? ती म्हणाली, बोलला तो माझा रेम्बेर्तो होता. उद्या जायच्या आधी परत आण त्याला, पाया पडते त्याच्या.

माझं डोकंच फिरलं. त्या टोणग्याला खोलीत समोर बसवलं आणि हातवारे करकरून शिकवलं, बाई बोलली की मान हलवायची आणि 'नाही' म्हणायचं. कुत्र्याला शिकवतात तसं घोटून घेतलं. म्हटलं, उद्या राग नाही म्हणेल, बाईचा जीव थंड होईल.

दुसऱ्या दिवशी बारा वाजत आले तेव्हा सेवेरिना त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. बायका दारात उभ्या होत्या.

"बाळा, मला माफ केलंस ना?"

ती हे विचारेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. योरिसने मान हलवली.

"नाही," तो स्वच्छ म्हणाला, आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागला.

मी ओरडले, अगं, मीच शिकवलंय त्याला. सेवेरिनाने वळूनही पाहिलं नाही. "काल म्हणालीस, त्याला एक अक्षर कळत नाही. आज कसं कळलं?"

तेवढ्यात देवळाच्या घंटेने बाराचे टोल दिले. तिने पानावरची शिडी उचलली, मोडली आणि तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"मग जाऊ नकोस," ती म्हणाली. "इथेच राहा माझ्यावर रागावून."

योरिसने तिच्याकडे बघून हसत मान डोलावली आणि शिडी खायला घेतली.