झावळीतलं बिऱ्हाड

मी एक जुना ताड आहे. टेमघरला कापड विणणाऱ्या लूमच्या पत्र्याच्या शेडांमागे एक छोटंसं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे ना, त्याच्या अंगणातला उंचच उंच, जरासा वाकडा, तो मीच! मित्रांनो, वाकडा म्हटलं म्हणून हसू नका. वारा तुमच्या डोक्यावरून निघून जातो, मला मात्र तो रोज धडकतो.

मला कुणी लावलं नाही. इथं शेत होतं तेव्हा पिकून पडलेलं एक फळ बांधापाशी घरंगळत आलं आणि मी उगवलो. कितीतरी वर्षं नुसती पानंच काढत बसलो. लोक म्हणायचे, हा झुडूपच राहणार. पण मग असा वाढलो की विचारू नका! माझ्या पानांनी कुडाच्या घरांची छपरं शाकारली गेली. माझे ताडगोळे खाऊन पोरांची उन्हाळ्याची सुट्टी गार झाली. तेव्हा माझं केवढं कौतुक होतं!

पुढे शेत गेलं, लूम आले. त्या खडखडाटात वर बघायला कुणाला सवड? माझ्या गळ्याभोवती वाळक्या झावळ्या लोंबू लागल्या. मला उगाच म्हातारं झाल्यासारखं वाटायचं. पण नेमक्या त्याच झावळ्यांत ताडपाकोळ्या, ती चिमुकली चपळ पाखरं, राहायला आल्या. लूममधून उडणारा कापूस त्या हवेतल्या हवेत टिपतात आणि पानाच्या आतल्या बाजूला थुंकीनं चिकटवतात. झालं घर! मुठीत मावेल एवढं. मी पुन्हा कुणाच्या तरी कामाचा झालो.

शेडांमागच्या मोकळ्या जागेत प्रार्थनामंदिर उभं राहिलं, तेव्हापासून त्याची व्यवस्था केसरीनाथकाकांकडे आहे. त्यांना स्वच्छतेचं भारी वेड. बाहेरच्या चपलासुद्धा ते रांगेत लावतात. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की ही पृथ्वी देवाची आहे, आपण तिचे मालक नाही, कारभारी आहोत. एक दिवस त्याला हिशेब द्यायचा आहे. काकांच्या ते असं मनाला लागलं, की दुसऱ्या दिवशी उजाडताच ते खराटा घेऊन अंगणात हजर! पालापाचोळा झाला, गवत झालं, भिंतीवरचं शेवाळ झालं. मग त्यांनी मान वर केली.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार जवळ आला होता. देवाच्या दारात असली जळमटं शोभत नाहीत, असं म्हणून त्यांनी ताडी काढणाऱ्या नवशाला बोलावलं.

नवशा सरसर वर आला. पाकोळ्या त्याच्या डोक्याभोवती चिरकत फिरू लागल्या.

"काका, पाखरं लय उडतायत," तो ओरडला.

"उडू दे. बसतील दुसरीकडं."

कोयता चालला. एक झावळी पडली, दुसरी पडली. तिसरी गिरक्या घेत अंगणात उतरली आणि काकांच्या पत्नी वैशालीकाकूंनी ती उचलून उलटी केली. आत दोन पिल्लं नखांनी पान घट्ट धरून बसली होती.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "देवानं राखायला दिलं होतं. तुम्ही बिऱ्हाडच बाहेर काढलंत."

काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "नवशा, लाव परत."

"तोडलेलं पान कुठं लागतं, काका? न्हावी कापलेले केस चिकटवतो काय?"

काका उठले, शेजारच्या लूमवर गेले आणि सुताचं भेंडोळं घेऊन आले. सूत दुहेरी-तिहेरी करून त्यांनी स्वतः पीळ भरला. नवशानं ती झावळी पाठीला अलगद बांधली, वर आणली आणि उरलेल्या झावळ्यांमध्ये होती तशी लोंबती बांधून टाकली.

पण आईबाप परत येतील का? पाकोळ्या लांबूनच घिरट्या घालत होत्या. पिल्लं गप्प होती. खाली काका खुर्ची टाकून बसले. गाण्याच्या सरावाला आलेल्यांना त्यांनी ढोलकी वाजवू दिली नाही. काकूंनी आणलेला चहा निवून गेला. काका काय पुटपुटत होते ते मला ऐकू आलं नाही, पण हात जोडलेले दिसले.

ऊन उतरू लागलं. एक पाकोळी जवळ आली, वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. मी वाऱ्याला मनातल्या मनात म्हटलं, बाबा रे, आता हलवू नकोस मला. आणि ती सुळकन आत शिरली! पानाआडून बारीक चिवचिव आली. काका इतक्या घाईनं उठले की खुर्ची आडवी झाली.

मित्रांनो, अंगण जरूर झाडा. पण राखणं म्हणजे नुसतं चकचकीत करणं नव्हे. कोयता उचलण्याआधी मान वर करून एकदा विचारा, इथं कोण राहतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आम्ही झाडं बोलायला जरा वेळ घेतो.

आज रविवारी सकाळी एक पिल्लू उडालं. दुसरं अजून झावळीच्या कडेला लोंबकळतंय, भित्रं कुठलं! काका मंदिराची किल्ली हातात धरून खाली उभे आहेत, वर बघत. सगळी मंडळी उपासनेसाठी जमली आहे. दार अजून उघडलेलं नाही, आणि कुणाचीही तक्रार नाही.