दादाच्या नावाची गाडी

मी बोलतेय. अक्रोडाखाली उभी असलेली जुनी गाडी. जिच्या मागच्या सीटवर वर्षभर कोंबड्यांनी अंडी घातली, तीच. हसून घ्या. ओल्त नदीच्या या काठावर मला हसला नाही असा माणूस विरळा, आणि माझ्यातून काहीतरी काढून नेलं नाही असे तर त्याहून थोडे.

माझा जन्म सरकारी कारखान्यातला. तेव्हा गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायला लागे. लिवियूच्या बापाने ती बघितली आणि मला घरी आणून झाकून ठेवलं. रविवारी धुवायचा, चर्चपर्यंत न्यायचा, परत आणून झाकायचा. माणसांची ही एक गंमत. जिच्यासाठी अर्धं आयुष्य थांबतात, तिला चालवायला घाबरतात.

बाप गेला आणि मी लिवियूकडे आले. त्याने मात्र मला पळवलं. भोपळे, डुकराची पिल्लं, लग्नाची वाजंत्री, सगळं वाहिलं मी. बिघडले की तो मला अंगणातच उघडायचा. गॅस्केट तो घरीच जाड पुठ्ठ्यातून कापायचा. एकदा कार्बोरेटरची, म्हणजे माझ्या काळजाचीच, दांडी मोडली, तर तिच्यावर तांब्याची तार गुंडाळून टोकाला वेणी घातली त्याने.

"दादा, बाजारात नवा मिळतो की," धाकटा तितू म्हणाला.

"मिळतो. पण तो हिला ओळखत नाही."

तितूची अक्कल हातात होती आणि हातात नेहमी हातोडा. शाळा त्याने लवकरच सोडली, की शाळेने त्याला, देव जाणे. बोल्ट अडकला की घाल घाव.

"अरे, बोल्ट आहे तो, बैल नाही!" लिवियू ओरडायचा. "तेल सोड, थांब, उद्या ये."

उद्या! तितूला ते कधी जमलं नाही.

मग लिवियू इटलीला गेला, परांचीवरच्या कामाला, एका हिवाळ्यापुरता म्हणून. परत आला तो पेटीत. मला कुणी सांगितलं नाही. गाडीला कोण सांगतं? तितू येऊन दादाच्या जागेवर बसला, किल्ली फिरवत राहिला. मी सुरू झाले नाही. त्याने उतरून माझ्या दाराला अशी लाथ घातली की तो पोचा आजही तिथेच आहे. मग त्याच पोच्याला कपाळ टेकून बसला. तेव्हा मला कळलं.

त्यानंतर सांत्वनाला माणसं आली. रडायची आणि जाताना माझ्याकडे वळायची. कुणी आरसा नेला, कुणी जॅक. व्हिओरेल काका, मयताचा सख्खा चुलता, मेंढीच्या कातड्याची टोपी एका कानावर पाडून हिंडणारा, त्याने तर बॉनेटच उघडलं.

"तितू, उभ्या गाडीतलं सामान गंजतं रे. मी नेऊन जपून ठेवतो."

"न्या," तितू म्हणाला. त्याने मान वर केली असती तर माझं काळीज चाललंय हे त्याला दिसलं असतं. त्याने मान वर केली नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. इथली रीत अशी की मेलेल्याच्या नावाने जे दान कराल ते त्याला वर मिळतं. ताट द्या, ताट मिळतं. बूट द्या, बूट. घेणाऱ्याने पेटती मेणबत्ती हातात धरून "त्याला पोचो" म्हणायचं. नको म्हणता येत नाही. नको म्हणणं पाप.

काका आले आणि तितूच्या आईला म्हणाले, "वहिनी, पोराचा जीव गाडीत होता. ती मला द्या. मी मेणबत्ती धरेन."

"मोडकी दिली तर वर त्याला मोडकीच मिळेल," तितू म्हणाला. "आधी चालू करतो."

मला हसू आलं. ज्याच्यापायी मी मोडकी झाले, त्याच्याच पदरात घालायला हा मला दुरुस्त करणार! आणि मेलेला माणूस वर गाडी हाकतो म्हणे. पेट्रोल कोण घालतं तिथे?

पण तितू झपाटला. दर रविवारी शहरातल्या जुन्या सामानाच्या बाजारात जायचा आणि काहीतरी चुकीचं घेऊन यायचा. एक चकचकीत पेट्रोल पंप आणला. खोक्यावर चित्र माझं, भोकं भलत्याच गाडीची. विकणारा म्हणाला होता, "कानशीने घास, बसेल." घासला, बसवला, अंगणभर पेट्रोल. ब्रेकचा पाइप आणला तो आखूड. दुसरा आणला तो फाटका. कोंबड्यासुद्धा त्याला बघून दूर जायच्या.

एका रविवारी तो परतला तो थेट माझ्याकडेच आला. त्याने फडक्यातून कार्बोरेटर काढून माझ्या बॉनेटवर ठेवला. दांडीवर तांब्याची तार होती. टोकाला वेणी.

"कुठे मिळाला?" आईने विचारलं.

"बाजारात. विकणारा म्हणे, तुमच्या गावचा एक म्हातारा देऊन गेला. टोपी एका कानावर."

तितूने हातोडा उचलला आणि फाटकापर्यंत गेला. मी म्हटलं, झालं, आता दुसरी पेटी. पण तो तिथूनच वळला. हातोडा खाली टाकून त्याने माझ्या अडकलेल्या बोल्टवर तेल सोडलं. आणि उद्यापर्यंत थांबला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अंगणात टेबलं मांडली होती. शिजवलेल्या गोड गव्हाला पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. काका माझ्या शेजारीच उभे, आत्ताच मालक झाल्यासारखे.

"आण किल्ली," ते म्हणाले.

तितूने पेटती मेणबत्ती त्यांच्या हातात दिली. "बसा."

"बसू कशाला? किल्ली दे की."

"गाडी दान करत नाही मी. फेरी दान करतो. दादाच्या नावाने. बसा काका, दान नाकारू नये."

कुजबुज झाली. असलं दान असतं होय? तेव्हा आई उठली. "मेलेल्यासाठी लोकांच्या घरी पाणी वाहून नेतो, ते दान होतं ना? मग माणूस वाहून नेला तर का नाही?"

काका बसले. मी पहिल्याच किल्लीला सुरू झाले. टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चढून गेले. मेण काकांच्या विजारीवर गळत होतं. थडग्यापाशी तितूने बॉनेट उघडलं.

"तार ओळखता?"

काकांची टोपी हातात आली. "तितू, मला वाटलं तू ही गाडी पुन्हा कधीच चालवणार नाहीस..."

"म्हणा."

"लिवियूला पोचो," काका म्हणाले आणि गावात पायी परतले.

आता चर्चची घंटा झाली की सावेता आजी आणि तिच्यासारख्या गुडघे गेलेल्या सगळ्या फाटकाशी येतात. तितू त्यांना वर दफनभूमीपर्यंत नेतो, खाली आणतो. उतरताना प्रत्येक म्हातारी म्हणते, "लिवियूला पोचो." माझ्या सीटवर गव्हाचे दाणे सांडतात, दार आपटतात, आणि वर मलाच खटारा म्हणतात.

मी म्हातारी झालेय, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मेलेला कुठे जात नाही. पण तितू, एवढं ऐक. ती तार बदलू नकोस. आणि चढावर गिअर नीट टाक रे, बैल नाही मी. वर तो तुझ्याच हातची गाडी चालवत असेल, तर उगाच शिव्या घालेल तुला.