उभा धागा कुठला?

मी एक जुना पडदा आहे. माणसाची तुटलेली नस पुन्हा जुळवण्यासाठी या भूतलावर माझा अवतार झाला. सध्या मुक्काम चकलीच्या डब्यात आहे.

मित्रांनो, माझा जन्म २००७ सालचा, अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेतला. सुईतून द्रावण सोडायचे, त्याला विजेचा जबर दाब द्यायचा आणि निघालेला तंतू भरधाव फिरणाऱ्या रुळावर गुंडाळायचा. केसाहून शंभरपट बारीक असे माझे सारे तंतू एकाच दिशेला झोपतात. त्यांच्या कडेकडेने शरीरातल्या पेशी रांगेत वाढतात. माणसांना हे अजून जमलेले नाही.

रूळ फिरवायला शिलाई मशीनची मोटर होती, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आणलेली. "मॅडम, लाइफटाइम चलेगी," दुकानदार म्हणाला होता. मी तयार झालो आणि मोटर जळली. लाइफटाइम म्हणजे मोटरचे लाइफ धरायचे होते.

मला घडवणारी संशोधक यशोधरा अंबरनाथच्याच बुवापाड्याची. दुसऱ्या दिवशी मुंबईत माझी ताणून परीक्षा होती, म्हणून तिने मला चौकोनी कापून चकलीच्या डब्यातून घरी आणले. डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. तंतू कुठल्या दिशेला, ती खूण करायचीच राहिली होती. डोळ्यांना ते दिसत नाहीत. आडवा ताणला तर मी फाटणार, आणि दोन वर्षांचे काम माझ्याबरोबर. वर पंखा गरगरत होता, खाली मी थरथरत होतो.

तिची आई शालन उल्हासनगरात जीन्स शिवायची. ती वाकून म्हणाली, "उभा धागा कुठला?"

"तेच कळत नाहीये, आई. हात नको लावूस."

"खूण न करता कापलंस? आमच्या कटिंगमास्तरने घरी पाठवलं असतं."

"आता तू नको बोलूस गं."

"बोलत नाही. कोपरा दे."

यशोधराने श्वास रोखून कोपऱ्याचा नखाएवढा चौकोन कापला. शालनने तो चिमटीत धरून एकीकडे ताणला; तो सैल पडत गेला. दुसरीकडे ताणला; हटून बसला.

"हा उभा," ती म्हणाली आणि माझ्या त्या बाजूला कात्रीने बारीक खाच मारली.

मुंबईत माझी एक पट्टी ताणली. ती टिकली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी दोनदा "वा" म्हटले. यशोधराच्या प्रबंधात छापले, 'दिशा हाताने ताणून निश्चित केली.' कोणाच्या हाताने, ते लिहायला जागा नव्हती.

मी उरलेला तुकडा. मित्रांनो, कापण्याआधी खूण करत जा, आणि खूण सांगणाऱ्याचे नावही लिहीत जा. ते जमत नसेल तर निदान डबा उघडण्याआधी पंखा बंद करा.