लवंगीच्या पायाखालची फळी

या या, मित्रांनो! मला ओलांडून जाऊ नका, खुशाल माझ्यावरून चालत या. मी आहे एक जुनी सागाची फळी. आठ फूट लांब, दीड फूट रुंद, आणि वजनाला अशी की मला उचलताना भल्याभल्यांना घाम फुटतो. रोह्याजवळ अष्टमीला मुनीराच्या दारात तिच्या छोट्या हत्ती टेम्पोला टेकून मी उभी असते. माझी हकीकत कोणाला तरी सांगावी म्हणून मी किती दिवस उतावीळ झाले आहे! पण आधीच सांगते, या हकीकतीत माझ्यापेक्षा लवंगीच जास्त येणार आहे. लवंगी म्हणजे मुनीराची कुत्री. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, तिथे माझं काय चालणार?

माझा जन्म पेणचा. तिथल्या वखारीत मला कापली, सुताराने रंधा मारला आणि मूर्तिकार महादेव मला आपल्या गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेला. मूर्ती टेम्पोत चढवायची आणि उतरवायची, हे माझं काम. माझ्यावर शंखजिऱ्याची पूड शिंपडायची, मूर्तीचा पाट ठेवायचा आणि चार माणसांनी दोन्ही बाजूंनी धरून तो अलगद सरकवायचा. दरवर्षी मी आणखी गुळगुळीत होत गेले. महादेव माझ्या पाठीवरून तळवा फिरवून म्हणायचा, "काय फळी हाय! लोण्यावानी झाली." माझी छाती अशी फुगायची की विचारू नका. पंधरा वर्षांत मी एकाही मूर्तीला धक्का लागू दिला नाही.

गिऱ्हाइकं मात्र घाईची. शाडूची मूर्ती जरा कोरडी दिसली की नेण्यासाठी मागे लागायची. तेव्हा महादेव हात जोडून सांगायचा, "बाहेरून सुकली, पण आतून ओली हाय. हाताचा सांधा अजून धरला नाय. आज हलवाल तर आज काय दिसणार नाय, पण घरी गेल्यावर चीर पडल." हे बोलणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं.

पुढे कारखान्यात लोखंडी गाडा आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. कोणीतरी लाल रंग सांडला, तो पुसायची तसदीही कोणी घेतली नाही. मग महादेवने जुना टेम्पो मुनीराला दिला आणि निघता निघता मलाही आत ढकललं. "असू दे मुनीराताय, बकऱ्या चढवायला होईल."

बकऱ्या! ज्या पाठीवरून गणपती गेले त्या पाठीवर आता खुरं? वडखळच्या नाक्यापासून मी जे नाक मुरडलं ते गडब गेलं, नागोठणं गेलं, तरी तसंच. अष्टमीला पोहोचेपर्यंत मी कोणाकडे बघितलंही नाही.

पण मुनीराला बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. तिचा नवरा इकबाल आखातात एका गोदामात कामाला. घरी अठरा बकऱ्या, आणि त्या सांभाळणारी ही एकटी. रोज सकाळी बकऱ्या टेम्पोत भरायच्या, स्वतः टेम्पो चालवत डोंगराच्या पायथ्याशी चरायला न्यायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या. अठरा बकऱ्यांची तोंडं अठरा दिशांना! बिचारी ओरडून ओरडून बेजार व्हायची. शेवटी डोंगरावरच्या कान्हू धनगराने तिला एक पिल्लू आणून दिलं. "हिची आय शंभर शेरडं एकटी वळते," तो म्हणाला. "ही पण वळंल. फकस्त तिला रिकामी बसवू नको."

पिल्लू मुठीएवढं, पण कधी फुटेल सांगता येत नसे, म्हणून मुनीराने नाव ठेवलं लवंगी. आणि मित्रांनो, काय ती फुटली! सहा महिन्यांत तिने बकऱ्यांना असं वळण लावलं की शिंगवाला बोकडसुद्धा तिला बघून रांगेत उभा राहायचा. इकडून पळाली, तिकडून वळली, बांधावर चढली, खाली आली. तिचे पाय कधी जमिनीला लागतात हेच मला दिसत नसे.

एकाच गोष्टीचं मला वाईट वाटे. सगळ्या बकऱ्या माझ्यावरून चढायच्या-उतरायच्या, पण लवंगी माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. ती बसायची टेम्पोच्या टपावर, वारा खात. टेम्पो थांबला की थेट टपावरून जमिनीवर उडी! धप्प! नाक्यावरची माणसं टाळ्या वाजवायची. मुनीरा त्या उडीचा व्हिडिओ काढून इकबालला पाठवायची. रात्री त्याचा फोन यायचा, "आमच्या खोलीतली पोरं येडी झालीत गो! उद्या आणखी उंचावरून दाखव." मुनीरा खूश होऊन लवंगीच्या भांड्यात आणखी भात, आणखी मटणाचे तुकडे घालायची. लवंगी गोल गुबगुबीत होत होती आणि सगळ्यांना वाटत होतं की तिला ताकद येते आहे. ओटीवरच्या चकचकीत फरशीवर ती सुसाट पळायची, घसरायची, भिंतीला आपटायची, की सगळे हसायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

डिसेंबरच्या थंडीत एका सकाळी लवंगीने उडी मारली आणि उजवा पुढचा पाय क्षणभर वर धरला. मग झटकून पळाली. मुनीराला वाटलं, काटा असेल. दुसऱ्या दिवशी उठताना ती लाकडासारखी ताठ झाली होती, ऊन चढल्यावर मोकळी झाली. आठवड्याने मात्र संध्याकाळभर ती लंगडत राहिली. तिला वळवता आलं नाही म्हणून बकऱ्या कोणाच्या तरी वालाच्या शेतात शिरल्या आणि मुनीराला चार शब्द ऐकून घ्यावे लागले. त्या शब्दांचं तिला काही नव्हतं. घरी आल्यावर ती लवंगीचा पाय मांडीवर घेऊन बसली आणि माझ्या काळजात चर्र झालं.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टर सावनी आल्या. त्यांनी लवंगीचं कोपर हळूच दुमडलं, तसं ती कुईं करून ओरडली.

"किती महिन्यांची?"

"दहा."

"दिसते मोठी, पण हाडांची टोकं अजून वाढतायत. रोज एवढ्या उंचीवरून सगळा भार पुढच्या पायांवर येतो. आत्ता आवरलंत तर पाय सुधारेल. नाही आवरलंत तर तिसऱ्या वर्षीच ही म्हातारी होऊन बसेल."

मुनीराचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं : सहा आठवडे उडी नाही, पळापळ नाही, मातीच्या वाटेवर साखळीला धरून थोडं थोडं चालवायचं. फरशीवर खेळ बंद. खाणं कमी, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. मग काम हळूहळू वाढवायचं, आणि दीड वर्षाची होईपर्यंत तरी टेम्पोतून उडी मारू द्यायची नाही.

"मग उतरणार कशी?" मुनीराने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही काय फळी आहे की!"

मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! मला वाटलं, आता माझेच दिवस आले. इकबालला मात्र हे पटलं नाही. फोनवर म्हणाला, "डॉक्टर असंच सांगतात गो. धनगराची कुत्री हाय ती. डोंगरात काय फळ्या लावतात?" तरी मुनीराने लवंगीची साखळी सोडली नाही. सहा आठवडे लवंगीने घर डोक्यावर घेतलं. ती भुंकली, रडली, साखळी चावली. मुनीराचा जीव कासावीस व्हायचा, तरी ती ठाम राहिली.

अखेर तो दिवस आला! मला टेम्पोला लावलं. लवंगीने पहिल्यांदाच माझ्यावर पाय ठेवला. आणि घात झाला. माझी लोण्यासारखी पाठ! तिचे चारही पाय चार दिशांना फाकले, ती गडगडत खाली आली आणि कुशीवर आपटली. नशीब, फारसं लागलं नाही. पण तिने मला हुंगलं, गुरगुरली आणि पुन्हा जवळ येईना. पंधरा वर्षं ज्या गुळगुळीतपणाची मी मिजास केली, त्यानेच तिला पाडलं. त्या दिवशी कोणी मला चुलीत घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

मग मुनीरा तिला रोज दोन्ही हातांनी उचलून उतरवू लागली. अठरा किलोची वळवळती कुत्री! चौथ्या दिवशी मुनीराची कंबर धरली. नेमका त्याच दिवशी माघी गणपतीची मूर्ती पोहोचवायला महादेव रोह्याला आला होता. जुना टेम्पो बघायला म्हणून तो दारात थांबला आणि समोरचा प्रकार बघून चकित झाला.

"ताय, फळी हाय ना?"

"घसरते भाऊ. पडली त्या दिवशी. आणि आमचे हे म्हणतात, कुत्री दणकट हाय, उगाच लाड नको."

महादेवने लवंगीच्या कोपरावरून हात फिरवला. "बाहेरून सुकली, आतून ओली हाय," तो म्हणाला. "दणकट दिसते म्हणूनच जपायची. सांधा धरेपर्यंत धीर धरा." मग तो माझ्याकडे वळला. "आणि हिला मीच गुळगुळीत केली, आता मीच खडबडीत करतो."

त्याने माझ्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या. पट्ट्यांच्या मध्ये काथ्याचा दोर आवळून गुंडाळला. प्रत्येक खिळा मला बोचत होता आणि प्रत्येक खिळ्याला मी मनात म्हणत होते, ठोक, आणखी ठोक! अर्ध्या तासात माझं सगळं रूप गेलं. खरखरीत, केसाळ, ओबडधोबड! कधी नव्हे एवढी मी खूश होते.

मुनीराही हुशार. पहिले तीन दिवस तिने मला नुसती जमिनीवर आडवी टाकली आणि माझ्यावर सुक्या बोंबलाचे तुकडे मांडले. लवंगी आधी मान लांब करून तुकडे पळवायची, मग एक पाय ठेवला, मग दोन. चौथ्या दिवशी माझ्या एका टोकाखाली वीट आली. मग दोन विटा. प्रत्येक वेळी मुनीरा म्हणायची, "फळी!" दहाव्या दिवशी मी टेम्पोला लागले, आणि लवंगी माझ्यावरून टक टक टक करत खाली आली! तिची नखं काथ्यात रुतत होती आणि मला गुदगुल्या होत होत्या. मुनीरा तर तिथेच टाळ्या पिटत नाचली.

एप्रिलमध्ये इकबाल सुट्टीवर आला. मुनीरा टेम्पो घेऊन रोह्याच्या एसटी स्टँडवर गेली. पुढच्या सीटवर त्याची खोकी भरली, म्हणून तो मागे लवंगीजवळ बसला. कुंडलिकेचा पूल ओलांडून आम्ही अष्टमीत शिरलो तेव्हा दारात शेजारीपाजारी जमले होते. इकबालचा आनंद गगनात मावेना. त्याने खोलीतल्या पोरांना व्हिडिओ कॉल लावला आणि टपावर थाप मारली. "चल लवंगी, वर! मार उडी!"

लवंगीला चेव चढला. ती टपावर जाऊन उभी राहिली. सगळं अंग थरथरत होतं, डोळे जमिनीवर लागले होते. माझा जीव टांगणीला लागला. मुनीरा धावत मागे आली आणि मला धाडकन टेम्पोला लावलं.

"लवंगी, फळी!"

"एकच उडी गो! पोरं बघतायत."

"एक पण नाय," मुनीरा म्हणाली. "तुम्ही तीन वर्षांनी आलात म्हणून सगळं ऐकीन. हे नाय ऐकणार."

लवंगीने इकबालकडे बघितलं, मुनीराकडे बघितलं. मग ती टपावरून मागे वळली, पुढचे पाय इकबालच्या खांद्यावर टेकत अलगद हौद्यात आली आणि माझ्यावरून उतरली. टक टक टक! फोनमधली पोरं खिदळली, "काय इकबालभाय, ही तर म्हातारीवानी उतरली!"

इकबालचं तोंड एवढंसं झालं. रागाने फोन खिशात कोंबून तो टेम्पोच्या कडेला आला आणि स्वतःच खाली उडी मारायला एक पाय पुढे केला. तिथेच थांबला. जमीन हाताच्या अंतरावर होती, पण त्याचा हात गुडघ्यावर गेला आणि कपाळावर घाम आला.

मुनीराने ते पाहिलं. "काय झालं? गुडघा?"

त्याने पुढे केलेला पाय मागे घेतला. मग खाली बघत म्हणाला, "दोन वर्षं झाली. फोनवर काय सांगायचं? गोदामात नवीन होतो तेव्हा ट्रकवरून थेट खाली उडी मारायचा. खोकं घेऊन. सगळे म्हणायचे, इकबाल म्हणजे वीज हाय, वीज! लय बरं वाटायचं." त्याने लवंगीकडे बघितलं. "मला फळी लावा असं कोण नाय बोललं गो."

कोणी हसलं नाही. मुनीराने हात पुढे केला. इकबालने तो धरला आणि माझ्यावरून एक एक पाय टाकत खाली आला. त्याचा सगळा भार मी पेलला. खाली लवंगी शेपटीसकट अख्खं अंग हलवत त्याची वाट बघत होती.

मित्रांनो, ज्याच्या अंगात पळायची हौस असते ते कधी आपणहून थांबा म्हणत नाही. लवंगीने कधी म्हटलं नाही, इकबालनेही म्हटलं नाही. तुमच्या घरी, शेतावर असं उसळणारं पिल्लू असेल तर त्याच्या उडीला टाळ्या वाजवू नका. त्याला जपून उतरवा, पोटाला बेताचं घाला, वाढ पुरी होऊ द्या. तेवढं कराल तर ते वर्षानुवर्षं तुमच्यासाठी पळेल.

लवंगी आता सव्वा वर्षाची झाली आहे, आणि इकबालची सुट्टी अजून संपायची आहे. परवा सावनी डॉक्टरांनी कोपर दुमडून बघितलं, तर तिने ओरडायच्या ऐवजी त्यांचा हात चाटला! संध्याकाळ झाली की इकबाल आधी मला लावतो, माझं टोक पायाने दाबून धरतो, आणि मगच टेम्पोचं दार उघडतो. तो बघा, आलाच. सरका, मित्रांनो, वाट द्या! लवंगी उतरतेय!