पाचवी पायरी

“आजी, उतरू का आता?” दातांच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“सुई टोचल्यावर दाढ बधिर व्हायची वाट बघता ना? मग समुद्रालाही पाच मिनिटं द्या,” मी म्हणाले.

त्यांची बायको खुदकन हसली. कड्याखालच्या आमच्या चिंचोळ्या खाचेत सकाळचं धुकं अजून साचलेलं होतं. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं, ते कळत नव्हतं. दोन्ही केशरी कयाक, पडवळासारख्या लांबोडक्या, पाण्यावर नाही तर हवेतच डुलत आहेत असं वाटत होतं. निदान मला. मला दोन वर्षांपासून सगळं असंच दिसायचं, धुकं असो नसो. माणसांच्या कडा विरघळलेल्या, दिवसाउजेडी जग दुधात बुडवून काढल्यासारखं. खोटं कशाला बोलू, ते सुंदरही दिसायचं. पण मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलं असतं, आणि मी काही फुलदाणी नाही.

“आई, कागदात अजून वीस मिनिटं आहेत,” मागून सून म्हणाली. भरतीच्या वेळांचा छापील कागद तिच्या हातात सदा असतो.

“तुझा कागद कधी पाण्यात उतरलाय का गं?”

“उतरला तर भिजेल.”

“तेच म्हणते मी. मी चाळीस वर्षं भिजतेय.”

डॉक्टरीणबाई पुन्हा हसल्या. सून गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला नेहमीच बोलण्यापेक्षा जास्त टोचतं.

चाळीस वर्षं म्हणजे चाळीस, फिरायला आलेल्यांना होड्या देऊन समुद्रात सोडतेय. आधी लाकडी होड्या होत्या, मग या प्लॅस्टिकच्या आल्या. इथल्या किनाऱ्यावर उतरायच्या जागा तीनच. दीपस्तंभामागची वाळू दिसायला गोजिरी, पण तिथली लाट पायाखालची जमीन ओढून नेते. पुलाखाली उतरणं सोपं, पण परत येईपर्यंत ओहोटी लागली की कंबरेएवढा चिखल. राहिली आमची खाच. तिच्या तोंडाशी दोन खडक पाण्याखाली दबा धरून बसलेले असतात. म्हणून आमच्या ह्यांनी छिन्नीने कड्यात पायऱ्या खोदल्या आणि मला सांगून ठेवलं, “वरून पाचव्या पायरीला चढतं पाणी लागलं की खडकांवर हातभर पाणी असतं. त्याआधी देवाला पण सोडू नकोस.” ते गेले, पायऱ्या राहिल्या. उधाणाची मोठी भरती असो की भांगेची लहान, पाणी लवकर चढो की रेंगाळो, पाचवी म्हणजे पाचवी. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. पण वकील, इंजिनियर माझ्या तोंडाकडे बघत ताटकळायचे, मी कधी ‘उतरा’ म्हणते म्हणून. तेव्हा मला काय वाटायचं ते सांगत नाही. गर्विष्ठ म्हणाल. म्हणा.

डोळे गेल्यावर मी पायांनी मोजू लागले. अनवाणी जायचं, एकेक पायरी उतरायची, अंगठ्याला पाणी लागलं की कितवी पायरी ते बघायचं. कुणाला वाटायचं, म्हातारी पाणी चाखतेय.

त्या दिवशीही तशीच उतरले. लेकीकडे नात झाली म्हणून आठ दिवस तिच्याकडे होते, कालच परतले होते. मी नसताना सुनेने वर गवंड्याकडून सिमेंटचा चौथरा करून घेतला होता, लोकांना जॅकेट घालायला जागा व्हावी म्हणून. गुळगुळीत, गार चौथरा. त्याच्या कडेवरून पाय खाली टाकला. एक. दोन. नात कुणासारखी दिसते ते मला नीट दिसलं नव्हतं, वासावरून आमच्याच घरातली वाटली. तीन. चार. पाच. आणि अंगठ्याला पाणी.

“उतरा,” मी म्हणाले.

“आई—”

“मी म्हणतेय ना!”

वल्ही पाण्यात पडली. केशरी डाग धुक्यात सरकले, फिकट झाले, एखादं स्वप्न जागं होता होता निसटावं तसे. छान वाटलं मला. आणि मग आवाज आला. पातेल्याच्या बुडाशी करपलेलं खरवडावं तसा. मागोमाग बाईंची किंकाळी.

सून माझ्या अंगावरून गेल्यासारखी गेली. तिची होडी खाली घसरली, वल्हं सपसप वाजू लागलं. मी तिथेच उभी. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. मला काही दिसत नव्हतं. कान तेवढे होते, आणि कानांना फक्त तिचा आवाज येत होता, अगदी शांत, “होडी धरून ठेवा, बाई. पाय वर घ्या. मी आले.” एवढं बोलते ही, मला माहीत नव्हतं.

तिने दोघांनाही परत आणलं. बाईंचा गुडघा खडकाने सोलून काढला होता. डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“तुम्हीच म्हणालात ना उतरा?”

मी तोंड उघडायच्या आत सून मध्ये पडली. “चूक माझी आहे, डॉक्टर. चौथरा करताना वरची पायरी सिमेंटखाली गेली. मी आईंना सांगायला विसरले.”

म्हणजे मी सहाव्या पायरीवर उभी होते. म्हणजे हिला ठाऊक होतं की मी मोजते.

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“तुमचे ओठ हलतात, आई. उतरताना.”

एवढंच. दोन वर्षं ती माझे ओठ बघत आली होती आणि बोलली नव्हती. तिच्या आडोशाला उभं राहणं सोपं होतं. डॉक्टरांचा राग तिच्यावर निघाला असता, आठवड्याने ओसरला असता, आणि उद्या पुन्हा मी ‘उतरा’ म्हटलं असतं. तिने दार उघडून ठेवलं होतं माझ्यासाठी. पण तिच्या दयेवर मी ‘उतरा’ म्हणायचं? त्यापेक्षा न म्हटलेलं बरं.

“तिची चूक नाही,” मी डॉक्टरांना म्हणाले. “तिने थांबा म्हटलं होतं. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली.” मग बाईंच्या बाजूला वळले. “माफ करा, बाई.” हा शब्द माझ्या तोंडात कधी बसला नव्हता, तो जरा वाकडाच बाहेर पडला.

सुनेने बाईंच्या गुडघ्याला पट्टी बांधली.

दुपारी मी स्वयंपाकघरात नुसतीच बसले होते. आज हातांना काम सुचत नव्हतं. सून आली, समोर पाट ओढून बसली. भरतीचा कागद मांडीवर उलटा ठेवला, कोरी बाजू वर.

“ह्यात वारा नसतो ना, आई?”

“नसतो. छापणारा कुठे इथे राहतो?”

“मग सांगा.”

मी सांगू लागले. दक्षिणेचा वारा तीन दिवस टिकला की खाचेत पाणी तुंबतं, मग वेळेवर विसंबायचं नाही. दीपस्तंभाकडे फेस पिवळा दिसला की त्या दिवशी कुणालाच सोडायचं नाही, राजा आला तरी. ओहोटीत परतणाऱ्याला डाव्या खडकाकडून आण, उजवा लबाड आहे. एकदा सुरू झाले ती थांबलेच नाही.

“सावकाश, आई,” ती म्हणाली. “हात पोचत नाही माझा.”

गप्प बस असं मला पुष्कळ जणांनी सांगितलंय. सावकाश बोला, लिहून घेतेय, असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

“कुठपर्यंत आलीस?” मी विचारलं, आणि तिचं पेन थांबेपर्यंत थांबले.