जांभळी गोळी

माझ्या मेहुण्याच्या पोटात माझ्या बायकोची एक किडनी आहे. ती बसवून बरीच वर्षं झाली, तरी मालकी कोणाची हा वाद मिटलेला नाही. त्याने लोणच्याकडे हात नेला की ही म्हणते, "बारक्या, माझ्या किडनीला त्रास देऊ नकोस."

"दिलीस ना? मग माझी झाली. भाड्याने दिली होतीस का?"

"भाडं तरी कधी दिलंस?"

मेहुण्याचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. साथ आल्यापासून तो तिथल्या खुर्चीमागे उभा राहिला नव्हता. दाढीला बसलेल्या माणसाला मास्क लावता येत नाही आणि दाढी करणाऱ्याचं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतं. दुकान भागीदार चालवायचा. मेहुणा घरी वस्तरे पुसत बसायचा. लस आम्ही घेतली तीच त्यानेही घेतली होती, एमआरएनएची, सगळे डोस. आमच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर निघाल्या. त्याच्या रक्तात एकही नाही.

"शाळेतही असंच," ही म्हणाली. "वर्गात हजर, पेपर कोरा." पण तो रिपोर्ट तिने पुन्हा पुन्हा वाचला.

डॉक्टरबाईंनी कारण समजावून सांगितलं. मला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे, पण ते साधारण असं होतं. लस म्हणजे शरीराला पाठवलेली एक पाककृती. तिच्याबरहुकूम शरीर विषाणूचा एक तुकडा स्वतःच तयार करतं आणि तो पाहून शरीरातले पहारेकरी चोर ओळखायला शिकतात. "यांचे पहारेकरी आपणच गोळ्या देऊन झोपवलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाहीतर ते ताईंच्या किडनीलाच परकी समजून हल्ला करतील. मग चोराचा फोटो दाखवायचा कुणाला?"

त्यांचं म्हणणं, आणखी एक डोस देऊ आणि त्याच्या आधी एक आठवडा, नंतर एक आठवडा पहारेकऱ्यांना झोपवणाऱ्या गोळ्यांपैकी एक, जांभळी गोळी, थांबवून पाहू. बाकीच्या चालूच राहतील.

"आणि जागे झाले की आधी माझ्या किडनीवर धावून गेले तर?" हिने विचारलं.

"शक्यता कमी आहे. अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. म्हणून रक्त तपासत राहू."

"गेली तर दुसरी नाही हो माझ्याकडे. एकच उरलीय, ती मला लागते."

कोणी हसलं नाही. मेहुणा म्हणाला, "थांबवा गोळी."

दवाखान्याच्या जिन्यातच भांडण पेटलं.

"दुकानापायी किडनी घालवशील!"

"आणि घरात बसून नुसती सांभाळू? मी माणूस आहे की बरणी?" तो माझ्याकडे वळला. "भाऊजी, तुम्ही सांगा."

मी जन्मभर ग्रंथालयात काम केलं, म्हणून मला काहीतरी कळत असेल असं त्याला वाटतं. मला दोघांचंही पटत होतं. मी तसं सांगितलं.

"यांना विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं," ही म्हणाली. "भिंत निदान टेकायला तरी होते."

ऑपरेशनपासून मेहुण्याची गोळ्यांची डबी हीच भरते. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाचे कप्पे, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. गोळी थांबवायच्या आठवड्याचीही डबी तिनेच भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती घेऊन परत आला आणि टेबलावर उघडून ठेवली. प्रत्येक कप्प्यात जांभळी गोळी होती.

"सवयीने पडली असेल," मी म्हणालो.

"सवयीने एक पडेल, भाऊजी. सगळ्या?"

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काढून टाकायच्या. तुला हात नाहीत?"

"आहेत. आजची घेतलेली नाही. पण तुझ्यापासून चोरून मला काही करायचं नाही, ताई. पोट तू फाडून घेतलंस. तू काढ."

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग तिने डबी पुढे ओढली आणि एकेक गोळी काढू लागली. एक कोपऱ्यात अडकली होती, ती केसातल्या पिनेने उचकटली. सगळ्या एका रिकाम्या बाटलीत भरून म्हणाली, "पुन्हा लागणार आहेत."

डोस झाला. त्यानंतर केलेल्या तपासणीत, किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी ठरल्या दिवसाची वाट न पाहता जांभळी गोळी सुरू करायला सांगितली. त्या दिवसांत घरात कोणी चेष्टा केली नाही. ही रोज फोन लावायची आणि एकच विचारायची, "बारक्या, तुझी किडनी कशी आहे?"

पहिल्यांदा 'तुझी' ऐकल्यावर तो पलीकडून म्हणाला, "असं नको ना बोलूस, ताई. भीती वाटते."

क्रिएटिनिन खाली आलं. पुढे अँटीबॉडीही आल्या. आमच्या मानाने थोड्या, पण आल्या. "काठावर पास," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मास्क सुटणार नाही, खिडक्या बंद करायच्या नाहीत, गर्दीत काम नाही."

दुकानात त्याचं पहिलं गिऱ्हाईक मीच. खिडक्या उघड्या होत्या. त्याने माझ्या गालाला फेस लावला, वस्तरा धरला आणि जरा थांबला. ही दारात उभी होती.

"ताई, उजेड अडवतेस. काय बघतेस?"

"माझी किडनी नीट उभी आहे ना, ते."

तो मास्कच्या आत हसला असावा. वस्तरा माझ्या गालावर टेकला.