नागुबाईची साक्ष

मनोरमाबाई वाघमारे यांनी तीस वर्षं शाळा चालवली आणि निवृत्त झाल्यावर अनगोळच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, सुवार्ता समिती चालवायला घेतली. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नसे. समितीनं चार वर्षांपूर्वी शांतवन कांबळे आणि त्याची बायको मार्था यांना संकेश्वरच्या पुढं, निपाणीच्या वाटेवरच्या एका खेड्यात सेवेला पाठवलं होतं. त्यांचा घरखर्च मंडळी उचलायची, आणि त्या बदल्यात शांतवननं दर महिन्याला अहवाल पाठवायचा: घरभेटी किती, प्रार्थनेला माणसं किती, त्यांत नवीन किती. अहवाल दोन दिवस लांबला की बाईंचा फोन गेलाच. शांतवन लहानपणी त्यांच्याच रविवारच्या शब्बाथ शाळेत होता. त्यामुळं फोनवरसुद्धा तो उठून उभा राहून बोलतो, असं मार्था सांगायची.

मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात एक साक्ष ठेवायची रीत आहे. कुणीतरी स्टेजवर चढतं, आपण आधी कसे होतो आणि प्रभूनं कसं सावरलं ते सांगतं. लोकांचे डोळे भरतात, हालेलुया होतं आणि पुढच्या वर्षाच्या सेवेला देणगी द्यायला हात मोकळा सुटतो. गेली दोन वर्षं साक्ष देणारी माणसं बाहेरून आणावी लागली होती. समितीचे अध्यक्ष रत्नाकरराव साठे यांना ते लागलं होतं.

"चार वर्षं पाठवतोय आपण," ते म्हणाले, "लोकांना फळ दिसायला नको? यंदा आपल्याच शेतातलं दाखवा. नसेल तर ही सेवा पुढं चालवायची का, त्याचाच विचार करू."

अहवालात एक नाव वर्षभर येत होतं. नागुबाई, वय साठ, विधवा, पायाची जखम बरी झाली, गुरुवारी प्रार्थनेला येऊन बसते. बाईंनी लगेच फोन लावला. "शांतवन, नागुबाईला मेळाव्याला आणायचं. साक्ष द्यायला." पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मग "बरं, बाई" असं ऐकू आलं. बाईंना वाटलं, खेड्यातली रेंजच तशी.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाई भाड्याची गाडी करून स्वतःच निघाल्या. दुसऱ्यावर सोपवलेलं काम नीट होतं यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. वाटेतलं काकती गाव मागं पडेपर्यंत त्यांनी साक्षीसाठी विचारायचे प्रश्नही वहीत उतरवले होते.

शांतवनची खोली जिनपालआप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्याच्या कडेला होती. मार्था चहा घेऊन आली. बाईंनी तिला दोन वर्षांनी पाहिलं. गालफडं बसली होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बाई काही विचारणार तेवढ्यात नागुबाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, काखेत पिशवी, डाव्या पायानं किंचित लंगडत.

"सलाम," ती म्हणाली. मंडळीतली माणसं भेटल्यावर म्हणतात तो हा शब्द तिनं मुद्दाम पाठ केलेला होता. "बाई, मी काय बोलायचं ते आदी सांगा. मला लई लोकांत बोलायची सवय न्हाय."

"तुला जे वाटतं ते बोलायचं," बाई म्हणाल्या.

"मला काय वाटायचंय? तुमास्नी काय पायजे ते सांगा. पाय कापायचा म्हणून डाक्टरनं सांगिटलंतं. मार्थाक्कानं दोन महिनं रोज पाय धुतला. माझी सून जवळ याची न्हाय, वास मारतोय म्हणायची. आन् ह्यांच्या घरात दाणा तुमी घालता, म्हाईत हाय मला. मी न्हाय बोलले, तर ह्यांचं बंद कराल न्हवं? म्हणून पिशवी भरलीया. माझा ल्योक रवळू म्हणतोय, स्टेजवर गेलीस तर परत घरात येऊ नको. ऱ्हाऊ दे मग. मार्थाक्काच्या पडवीत पडंन."

बाईंनी वही मिटली. "तुझा प्रभूवर विश्वास आहे का, नागुबाई?"

"मार्थाक्कावर हाय की. तिच्या देवाचं अजून ऐकतेय. कळंल तवा कळंल."

बाई शांतवनकडं वळल्या. तो उभाच होता. "तू मला हे बोलला का नाहीस?"

"तुमी पाठवणारी माणसं, बाई," शांतवन खाली बघत म्हणाला. "तुमास्नी न्हाय कसं म्हणायचं?"

"आप्पांनी बी सांगिटलंय," मार्था हळूच म्हणाली. "मानसं तुमी चांगली हायसा, पर गावात गवगवा झाला तर खोली सोडावी लागंल म्हणून."

बाईंना लाज वाटली. शाळेत एखाद्या पोराला नाहक मारल्यावर वाटायची तशी, आणि तेव्हासारखी ती गिळून टाकता येईना. ज्या बाईचा पाय फुकट धुतला, तिच्याकडून आपण त्याचं मोल मागायला गाडी घेऊन आलो होतो. शिवाय ती ते द्यायला तयार होऊन आली होती.

"पिशवी घरी ने," त्या म्हणाल्या. "तुला कुठंही यायचं नाही. आणि ह्यांचं कुणी काही बंद करणार नाही." हा शब्द देणं आपल्या एकट्याच्या हातात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दिला.

मग दुपारपर्यंत त्या मार्थाजवळ बसल्या. मार्थाला महिनाभर बारीक ताप येत होता. आपल्या मंडळीतल्या चार माणसांत बसून गीत म्हटल्याला तिला अडीच वर्षं झाली होती. अहवालात यातलं काहीच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी गाडीतून साक्षीऐवजी मार्था आली. बाईंनी तिला आधी डॉक्टरकडं नेलं, मग आपल्या घरी. तिथं ती जेवली आणि सलग अकरा तास झोपली.

रविवारी मांडव भरलेला. साक्षीची वेळ झाली तशी रत्नाकररावांनी बाईंकडं बघून भुवया उडवल्या. बाई एकट्याच स्टेजवर गेल्या.

"मी कुणाला आणलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणायला गेले होते. एक म्हातारी घर सोडून यायला निघाली होती. प्रभूसाठी नाही, आपण शांतवनचा खर्च थांबवू या भीतीनं. ही भीती तिच्या मनात आपण घातली. मी घातली. चार वर्षं मी माणसं मोजून मागितली आणि तिथं राहणारी दोघं कशी आहेत हे एकदाही विचारलं नाही. साक्ष हवी असेल तर ही माझी आहे."

हालेलुया कुणीच म्हटलं नाही. रत्नाकररावांनी घाईघाईनं पुढचं गीत सुरू करायला लावलं.

समितीची बैठक फार गाजली. मध्येच उठून बोलणाऱ्यांना आवरता आवरता बाईंचा घसा बसला. अखेर एका मताच्या फरकानं ठरलं: सेवा चालू ठेवायची, नावं आणि फोटो मागायचे नाहीत, आणि दर तीन महिन्यांनी मंडळीतल्या दोघांनी जाऊन शांतवन-मार्थाला आठवडाभर सुट्टी द्यायची. रत्नाकररावांनी विरोधात हात वर केला आणि ते पुढं महिनाभर बाईंशी बोलले नाहीत.

पहिल्या पाळीला बाईच गेल्या. गुरुवारी नागुबाई आली, भिंतीला टेकून बसली आणि पाय लांब केला.

"झाली का साक्ष?" तिनं विचारलं.

"झाली."

"कोण बोललं?"

"मी."

"काय म्हणालासा?"

"माझं चुकलं म्हणाले."

नागुबाई तोंडाला पदर लावून हसली. "एवढ्यासाठी एवढी मानसं गोळा केलीसा व्हय? हितं मार्थाक्काम्होरं म्हणायचं की."

"तिच्यापुढंही म्हणाले."

"मग बास," नागुबाई म्हणाली, आणि आपली चहाची बशी बाईंच्या पुढं सरकवली.